गच्चीवरच्या जीपीएसचे उपग्रह हरवतात तेव्हा : आधी वही, मग मीटर, मग खरेदी



या भागात गच्चीवर बसवलेल्या जीपीएस अँटेनाबद्दल बोलू. मोजणीचं काम करणारे लोक कार्यालयाच्या गच्चीवर कायमचा बेस लावतात. कुणाकडे नेटवर्कला अचूक वेळ पुरवणारा टाइम सर्व्हर असतो, त्याची अँटेना वर असते. काही हौशी मंडळी घरीच असा संच लावतात. या सगळ्यांची तक्रार एकाच वाक्यात येते : "परवापर्यंत बारा उपग्रह दिसत होते, आता तीनच दिसतात. काय करू?"

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "ढग आलेत, जातील." दुसरं, "अँटेना गेली, नवी मागवा." पहिल्या उत्तरात दिवस वाया जातात आणि दुसऱ्यात पैसे.

एक घडलेली गोष्ट सांगतो. वडोदऱ्यात मोजणीचं काम करणारं एक छोटं कार्यालय आहे. त्यांचा बेस गच्चीवर आणि रोव्हर शेतात. दिवाळीनंतर रोव्हर रोज थोडा वेळ 'फिक्स' सोडून 'फ्लोट'वर जायला लागला. फिक्स असला की अचूकता एक-दोन सेंटीमीटरची असते. फ्लोटवर ती काही डेसिमीटरवर घसरते. अशाच एका फ्लोटच्या वेळेत दोन भावांच्या वाटणीचा बांध मोजला गेला. नंतर मोजणी पडताळली तेव्हा दोन खुणा सुमारे चाळीस सेंटीमीटरने सरकलेल्या निघाल्या. बांधावर चाळीस सेंटीमीटर म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. कार्यालयात नव्या रिसीव्हरचं कोटेशन मागवून झालं होतं. शेवटी दोष काय निघाला ते पुढे सांगतो. त्याआधी थोडा पाया पक्का करू.

सिग्नल मुळात किती क्षीण असतो?

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. नेहमीचा एल-वन सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. उपग्रहाची प्रक्षेपण शक्ती काही दहा वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या दिव्याइतकी. एवढं अंतर कापून तो सिग्नल खाली येतो तेव्हा उणे १३० डीबीएमच्या आसपास उरलेला असतो. रिसीव्हरच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटापेक्षाही तो कितीतरी खाली असतो. रिसीव्हरला उपग्रहाचा संकेत आधीच ठाऊक असतो, म्हणून तो गोंगाटाखालून सिग्नल ओळखून काढतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की या यंत्रणेत वाया घालवायला जवळपास काहीच शिल्लक नाही. टीव्हीच्या केबलमध्ये थोडं पाणी गेलं तर चित्र जरा बिघडतं. इथे तेवढ्यावर उपग्रह गायब होतात.

आता ढगांचं बघू. या वारंवारितेवर ढग आणि पाऊस जवळजवळ पारदर्शक असतात. डीटीएचची छत्री पावसात बंद पडते, कारण तिचा सिग्नल दहा गिगाहर्ट्झच्या वर असतो. जीपीएसला तो नियम लावू नका. "पाऊस आला की उपग्रह जातात" असं तुमच्याकडे होत असेल, तर पाऊस आकाशात सिग्नल अडवत नाही, तो तुमच्या कनेक्टरमध्ये शिरतोय.

पहिलं हत्यार : वही

सिग्नल गेला की लोक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर धावतात. मी म्हणतो, आधी आठवडाभर वही ठेवा. सिग्नल कधी गेला, कधी आला, तेव्हा हवा कशी होती, एवढंच लिहा. दोष कोणत्या जातीचा आहे हे वेळच सांगते.

पावसात किंवा पहाटेच्या दवात जात असेल आणि ऊन पडल्यावर परत येत असेल, तर पाणी आहे.

भर दुपारी जात असेल आणि संध्याकाळी गार झाल्यावर येत असेल, तर तापून सैल होणारा सांधा किंवा अँटेनातला अ‍ॅम्प्लिफायर तपासा.

रोज घड्याळाच्या ठरावीक वेळी जात असेल, तर माणसाने चालू केलेलं काहीतरी आहे : पंप, दिवे, शेजारचं एखादं यंत्र. फक्त दिवसा जात असेल आणि गच्चीवर सोलर असेल, तर इन्व्हर्टरवर संशय घ्या.

सूर्यास्तानंतर जात असेल, तेही मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तर आयनमंडल आहे. त्याबद्दल नंतर बोलू.

वारा सुटला की जात असेल, तर कनेक्टर किंवा हलणारा पाइप.

आणि रोज जात असेल, पण प्रत्येक दिवशी सुमारे चार मिनिटं लवकर, तर दोष तुमच्या यंत्रात नाहीच. अँटेनाच्या दृष्टीआड काहीतरी आलेलं आहे.

ही चार मिनिटांची खूण नीट समजून घ्या. जीपीएसचा उपग्रह नाक्षत्र दिवसात पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारतो. नाक्षत्र दिवस असतो २३ तास ५६ मिनिटांचा. म्हणून आज सहा वाजता आकाशात उपग्रहांची जी मांडणी आहे, तीच उद्या पाच छप्पन्नला येते. पंधरा दिवसांत हा फरक जवळपास तासभर होतो. शेजाऱ्याचा पंप असा रोज चार मिनिटांनी सरकत नाही. (ही खूण जीपीएसपुरती. ग्लोनासची मांडणी आठ दिवसांनी आणि गॅलिलिओची दहा दिवसांनी पुन्हा येते, त्यामुळे सगळ्या प्रणाली एकत्र वाचणाऱ्या रिसीव्हरमध्ये ती पुसट होते.)

वडोदऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांचा संशय शेजारच्या इमारतीवर होता. दिवाळीत तिथे एलईडीच्या माळा लागल्या होत्या आणि त्या उतरवलेल्या नव्हत्या. पण तिथल्या एका मदतनिसाने मोबाइलमध्ये वेळा टिपून ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी सिग्नल घसरला संध्याकाळी पाच पन्नासला. पंधरा दिवसांनी चार पन्नासला. दिव्यांच्या माळा चार पन्नासला लागत नाहीत. त्यांचा रिसीव्हर जुना, फक्त जीपीएस वाचणारा, त्यामुळे खूण अगदी स्वच्छ होती.

मग आम्ही गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलो. दिवाळीआधी सोलर पॅनेल बसले होते, तेही खाली गच्ची वापरता यावी म्हणून उंच लोखंडी सांगाड्यावर. अँटेना होती उत्तरेच्या कठड्याला. दक्षिणेचं निम्मं आकाश पॅनेलनी झाकलं होतं. एरवी उरलेल्या आकाशात पुरेसे उपग्रह असत. दिवसातून पाऊण तास मात्र उघड्या बाजूला चारच उरत, आणि फिक्ससाठी बेस व रोव्हर दोघांना एकाच वेळी दिसणारे किमान पाच तरी लागतात.

भारतात दक्षिण मोकळी ठेवा

हा मुद्दा आपल्या देशासाठी फार महत्त्वाचा आहे. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे उपग्रह ५५ अंश अक्षांशाच्या पलीकडे कधी जात नाहीत. वडोदरा किंवा इंदूरच्या, म्हणजे साधारण २२ अंश अक्षांशावरून पाहिलं, तर ठीक उत्तरेला क्षितिजापासून जवळजवळ ४८ अंश उंचीपर्यंत आकाशाचा एक तुकडा जीपीएससाठी कायम रिकामा असतो. तिथे भिंत असली काय, पाण्याची टाकी असली काय, फारसं बिघडत नाही. दक्षिणेला तेच आलं तर नुकसान होतं. आपल्या नाविक प्रणालीचे भूस्थिर उपग्रह तर विषुववृत्तावरच आहेत, म्हणजे भारतातल्या बहुतेक गावांतून दक्षिणेलाच दिसतात.

गंमत अशी की सोलर पॅनेललाही दक्षिणच हवी असते. एकाच गच्चीवर दोघं असतील तर अँटेना पॅनेलच्या वर काढा. पॅनेलमागे ठेवू नका.

एका बाजूचे गेले की सगळेच?

वहीनंतर पडदा बघा. प्रत्येक रिसीव्हर प्रत्येक उपग्रहाची दिशा, उंची आणि सिग्नलची ताकद सांगतो. एनएमईए संदेश वाचत असाल तर ही माहिती 'जीएसव्ही' ओळीत मिळते. मोकळ्या आकाशाखाली उंचावरच्या उपग्रहांचा आकडा ४० ते ५० डीबी-हर्ट्झच्या दरम्यान असायला हवा. तिशीच्या खाली गेला की तो उपग्रह भरवशाचा राहत नाही.

एकाच दिशेचे उपग्रह कमजोर असतील, तर त्या दिशेला अडथळा आहे. सगळेच एकदम दहा-पंधराने खाली आले असतील, तर दोष अँटेना, केबल किंवा बाहेरचा गोंगाट यांपैकी एकात आहे. एवढा निर्णय खुर्चीत बसून होतो, जिना चढायची गरज नाही.

मल्टीमीटर आणि जिना

गच्चीवरच्या अँटेनात अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच केबलमधून वर जाते, बहुधा ३.३ किंवा ५ व्होल्ट. ही वीज वर पोहोचली नाही तर सगळेच उपग्रह जातात. तपासणी अशी करा.

रिसीव्हर बंद करून केबल काढा. रिसीव्हर चालू करून त्याच्या सॉकेटवर मधली पिन आणि बाहेरची कडी यांत व्होल्टेज मोजा. नसेल तर दोष खालीच आहे : रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. मोजताना मीटरच्या टोकाने पिन आणि कडी एकमेकांना टेकवू नका.

व्होल्टेज असेल तर पुन्हा बंद करून केबल जोडा, रिसीव्हर चालू करा आणि वर जाऊन अँटेनाच्या टोकाला तेच मोजा. खाली ५ आणि वर शून्य असेल तर केबल तुटली आहे किंवा शॉर्ट आहे. वर मोकळ्या टोकाला ५ दिसतात, पण अँटेना जोडली की व्होल्टेज बरंच पडतं, असं असेल तर कुठला तरी सांधा गंजलेला आहे किंवा अँटेना जास्त वीज ओढते आहे.

केबल दोन्ही टोकांना मोकळी करून ओहममध्ये मोजा. पिन आणि जाळी यांत काहीच जोड दिसायला नको. काही किलोओहम दिसले तर आत पाणी आहे.

मीटरने समाधान झालं नाही तर दोषाची वाट मधोमध तोडा. रिसीव्हर, लॅपटॉप आणि एक-दोन मीटरची नवी केबल गच्चीवर न्या आणि अँटेना थेट जोडा. आकडे पंचेचाळीसच्या आसपास आले तर अँटेना चांगली आहे, दोष खाली जाणाऱ्या केबलमध्ये, विजेच्या अरेस्टरमध्ये किंवा स्प्लिटरमध्ये आहे. वरही आकडे पडलेलेच असतील तर अँटेना तरी गेली आहे किंवा आसपास गोंगाट आहे. ही एक फेरी पुष्कळ अनावश्यक खरेदी वाचवते.

पाणी शिरलेलं असेल तर नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. केबलच्या जाळीतून पाणी वातीसारखं खाली ओढलं जातं. टोक कापत चला, जाळी काळी-हिरवी दिसेल तोवर कापा, चकचकीत तांबं लागलं की थांबा. नवा कनेक्टर लावून त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा आणि तिच्यावर उन्हापासून संरक्षण म्हणून साधी काळी टेप. शिवाय केबल आत घेण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे ओघळ तिथूनच गळून जाईल.

केबलचा हिशेब

एल-वनच्या वारंवारितेवर बारीक आरजी-५८ केबल मीटरला अर्ध्या डेसिबलहून जास्त खाते. चांगली आरजी-६ साधारण पाव डेसिबल. जाड एलएमआर-४०० सुमारे ०.१७. आता तीस मीटर धरा. आरजी-५८ मध्ये पंधरा-वीस डेसिबल किंवा त्याहूनही जास्त जातात, आरजी-६ मध्ये साधारण आठ, एलएमआर-४०० मध्ये पाच. अँटेनाचा अ‍ॅम्प्लिफायर २८ डेसिबलचा असेल तर पहिल्या केबलने त्यातलं बहुतेक गिळलं. अशी जोडणी नवी असताना चालते, दोन पावसाळ्यांनी केबल थोडी खराब झाली की कोसळते. रिसीव्हरशेजारी आणखी अ‍ॅम्प्लिफायर लावून इथे उपयोग होत नाही, कारण सिग्नलबरोबर केबलनंतरचा गोंगाटही तेवढाच वाढतो. वाढवायचं ते केबलच्या आधी, अँटेनातच.

डीटीएचची आरजी-६ केबल इथे चालते का, असं पुष्कळ जण विचारतात. चालते. डीटीएचच्या केबलमधून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल येतो, आपलं १५७५ त्याच पट्ट्यात बसतं. ती केबल ७५ ओहमची आणि जीपीएस ५० ओहमचं, तरी त्या फरकाने होणारं नुकसान किरकोळ असतं. मात्र दोन गोष्टी सांभाळा. डीटीएच बॉक्सला जोडलेली चालू केबल चुकूनही अँटेनाला लावू नका, तिच्यात १३ किंवा १८ व्होल्ट असतात, अँटेनातला अ‍ॅम्प्लिफायर जळेल. आणि एका अँटेनावर दोन रिसीव्हर चालवायचे असतील तर एकाच दिशेने वीज सोडणारा स्प्लिटर घ्या, नाहीतर दोन्ही रिसीव्हर एकमेकांना वीज ढकलतात.

गोंगाट करणारा शेजारी

केबल आणि अँटेना ठीक असूनही सगळे उपग्रह पडत असतील तर त्याच गच्चीवर मोबाइलचं एखादं जीपीएस ॲप उघडा. मोबाइललाही तिथेच त्रास होत असेल आणि दोन गल्ल्या पलीकडे होत नसेल, तर आसपास कुणीतरी त्या पट्ट्यात आवाज करतो आहे.

तो जाणूनबुजून करत असेलच असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग या बंदरात २००१ मध्ये जीपीएस चालेनासं झालं होतं. शोध घेतला तेव्हा बोटींवर बसवलेल्या टीव्हीच्या अँटेना निघाल्या. त्यांच्यातले अ‍ॅम्प्लिफायर बिघडून स्वतःच सिग्नल सोडत होते. आपल्या इमारतींवर बूस्टर, स्वस्त एलईडी ड्रायव्हर, सीसीटीव्हीचे पुरवठे यांची दाटी असते. एकेक उपकरण बंद करून आकडे बघत जा. अँटेना दहा-पंधरा मीटर सरकवून पाहा. जवळच मोबाइल टॉवर असेल तर आत फिल्टर असलेली अँटेना घ्या.

जॅमर वापरणारेही असतात. अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळाजवळ २०१२ मध्ये एका ट्रकचालकाचा खिशात मावेल असा जॅमर पकडला गेला. मालकाला आपली गाडी दिसू नये म्हणून त्याने तो लावला होता, आणि त्रास विमानतळाच्या यंत्रणेला झाला. भारतात खासगी व्यक्तीने जॅमर वापरणं बेकायदेशीर आहे. तसा पक्का संशय असेल तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे तक्रार करता येते. तुमच्या वहीतल्या वेळा तिथेही कामी येतात.

जिथे हात टेकावे लागतात

आता आयनमंडल. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनमंडल सर्वांत दाट असतं आणि त्या पट्ट्याचा उत्तरेकडचा माथा भारतावरून जातो. सूर्य मावळल्यावर त्या थरात बुडबुडे उठतात आणि सिग्नल लुकलुकतो, तारा लुकलुकते तसा. विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत आणि सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत हे वाढतं. आपल्या गगन प्रणालीलाही याचा विचार करावा लागला. यात तुमच्या हाताने दुरुस्त करण्यासारखं काही नाही. अनेक प्रणाली वाचणारा रिसीव्हर असेल तर काही उपग्रह टिकून राहतात. नाजूक मोजणी त्या महिन्यांत सकाळी उरका. आणि वहीत तसं नोंदवून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी अँटेना बदलायला निघणार नाही.

दुरुस्तीनंतरची चूक

वडोदऱ्यात आम्ही जीआय पाइप लावून अँटेना पॅनेलच्या वर काढली. अडथळा गेला, पाऊण तासाची घसरण थांबली, नव्या रिसीव्हरचं कोटेशन फाइलमध्येच राहिलं. मंडळी लगेच शेतावर निघाली होती, तेव्हा मी थांबवलं. बेसची जागा बदलली होती, पण रिसीव्हरमध्ये आकडे जुन्या जागेचेच होते. अशा वेळी रोव्हर छान फिक्स दाखवतो, कुठेही लाल दिवा लागत नाही, आणि प्रत्येक बिंदू अँटेना जितकी सरकली तितकाच सरकून येतो. आधीच्या दोषाने दोन खुणा चुकल्या होत्या, या चुकीने सगळ्या चुकल्या असत्या. आम्ही कार्यालयाजवळच्या ज्ञात खुणेवर रोव्हर ठेवून पाहिला. फरक आला तो नेमका अँटेना सरकवल्याइतका.

म्हणून अँटेना वीतभरही हलवली तरी तिची जागा नव्याने ठरवा, नवे आकडे भरा आणि ज्ञात बिंदूवर पडताळा. टाइम सर्व्हरलाही हेच लागू आहे. तो स्थिर जागा गृहीत धरून एकाच उपग्रहावरही वेळ देऊ शकतो, पण जागा चुकली तर वेळही थोडी चुकते. गुजरातेत उत्तरायणानंतर तर मी सगळ्यांना गच्चीवर चक्कर मारायला सांगतो. पतंगाच्या दिवशी निम्मी गल्ली वर असते, कुणाचा धक्का लागला ते कुणालाच आठवत नाही.

दोन भावांचा बांध त्यानंतर सकाळी, फिक्सवर, दोनदा मोजला. दोन्ही वेळा खुणा जुळल्या आणि दोघांनी सह्या केल्या.

तुमच्याकडे काही अडलं असेल तर विचारताना तीन गोष्टी लिहा : सिग्नल जाण्याच्या आठवडाभराच्या वेळा, उपग्रहांचे आकडे दिशेसह, आणि केबलचा प्रकार व लांबी. एवढं समोर असेल तर निम्मं उत्तर तुम्हालाच सापडलेलं असेल. पुढच्या भागात विजेपासून संरक्षण, अरेस्टर आणि अर्थिंग यांबद्दल बोलू. तोपर्यंत वही सुरू करा.